डेटा रिकव्हरीचे इंग्रजी आणि पोर्तुगीज शब्द : नवख्यांसाठी, कामाच्या क्रमाने

नाशिकमध्ये दुरुस्तीच्या काउंटरवर गिऱ्हाईक येतं ते "डेटा उडाला" असं म्हणतच. या दोन शब्दांत किमान चार वेगळी प्रकरणं असतात. कुणाची फाइल चुकून डिलीट झालेली असते, कुणी पेन ड्राइव्हला फॉरमॅट मारलेला असतो, कुणाचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा पाडलेला वेगळा भाग, गेलेलं असतं, तर कुणाची हार्ड डिस्क टकटक करत असते. माणूस समोर उभा असला की दोन प्रश्नांत उलगडा होतो. पण तोच माणूस साओ पाउलोहून रिमोट सपोर्टवर बोलत असेल, किंवा लिस्बनहून सुटीला आलेल्या भाच्याचा पोर्तुगीज विंडोजवाला लॅपटॉप टेबलावर असेल, तर सगळी मदार शब्दांवर येते. इथे एका बटणाचा अर्थ चुकला तर कधीकधी डेटा कायमचा जातो. म्हणून हे शब्द वर्णानुक्रमे पाठ करू नका. काम ज्या क्रमाने चालतं त्याच क्रमाने शिका, आणि प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारा : ही क्रिया डिस्कवर काही लिहिते का?

उच्चार आणि दोन पोर्तुगीज

खालचे उच्चार ब्राझीलचे धरले आहेत. तिथे "दि" चा "जि" आणि "ति" चा "चि" होतो, शब्दाच्या सुरुवातीचा "र" "ह" सारखा ऐकू येतो आणि शेवटचा "ओ" "उ" होतो. हार्ड डिस्क म्हणजे तिथे "जिस्कु हिजिदु". बोलताना मात्र सगळे "अगा दे" म्हणतात, ती एच आणि डी या अक्षरांची पोर्तुगीज नावं आहेत. पोर्तुगालमध्ये "दि" आणि "ति" तसेच राहतात, "स" पुष्कळदा "श" होतो आणि मधले स्वर गिळले जातात.

त्याहून मोठा फरक शब्दांत आहे. फाइलला ब्राझीलमध्ये "आर्किवु" म्हणतात, पोर्तुगालमध्ये "फिशेयरु". पोर्तुगालच्या माणसाला "आर्किवु" म्हणजे दप्तरखान्यासारखा जुना साठा वाटतो. पासवर्ड ब्राझीलमध्ये "सेन्या", पोर्तुगालमध्ये "पालाव्रा-पास". सेव्ह करणं इकडे "साल्वार", तिकडे "ग्वार्दार". रीसायकल बिन ब्राझीलच्या विंडोजमध्ये "लिशेयरा", म्हणजे सरळ कचऱ्याचा डबा; पोर्तुगालच्या विंडोजमध्ये "रेसिक्लाजें". फोल्डर दोन्हीकडे "पास्ता", फक्त लिस्बनमध्ये तो "पाश्ता" ऐकू येईल. म्हणून पहिल्या वाक्यातच गिऱ्हाईक कोणत्या देशाचं ते विचारून घ्या.

वेळेचाही हिशेब ठेवा. साओ पाउलोचं घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे असतं, म्हणजे तिथे सकाळी ९ ला ऑफिस उघडतं तेव्हा नाशिकला संध्याकाळचे ५.३० झालेले असतात. ब्राझीलने २०१९ मध्ये उन्हाळी वेळ बंद केल्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो. लिस्बनचा फरक हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास.

पायरी १ : आधी थांबवा

फोनवर पहिलं वाक्य ओळखपाळखीचं नको, थांबवणारं हवं. इंग्रजीत "पॉवर इट ऑफ" आणि "डोंट राइट एनीथिंग टू इट". पोर्तुगीजमध्ये एवढी वाक्यं तोंडात बसवा :

- "देझलिगी" – बंद करा.
- "नाउं लिगी" – चालू करू नका.
- "नाउं ग्रावी नादा" – त्यावर काहीही लिहू नका, सेव्ह करू नका.
- "नाउं फोर्माची" – फॉरमॅट मारू नका.

"लिगार" या क्रियापदाचे तीन अर्थ होतात : चालू करणं, जोडणं आणि फोन करणं. "वो लिगार" हे "फोन करतो" असू शकतं किंवा "चालू करतो" असू शकतं. टकटक करणाऱ्या डिस्कच्या बाबतीत हा फरक जिवावरचा आहे, म्हणून "अगा दे" हा शब्द जोडून नेमकं विचारा.

इंग्रजीच्या सवयीने इथे हमखास ठेच लागते. "पुशार" म्हणजे ओढणं. तुम्ही केबल आत ढकलायला सांगत असता आणि समोरचा "पुशु उ काबु?" असं विचारतो, तेव्हा तो "केबल ओढू का?" असं विचारत असतो. ढकलणं म्हणजे "एंपुहार". चालू डिस्कची केबल ओढली की अर्धवट लिहिलेली फाइल जाते, कधी अख्खी फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंदव्यवस्था, बिघडते.

पायरी २ : नेमकं काय झालं

गिऱ्हाइकाच्या तोंडचा पहिला शब्द बहुधा "सुमिऊ" असतो. त्याचा अर्थ "गायब झालं", आपल्या "उडाला" सारखाच. त्यावरून निदान करू नका, पुढचा शब्द काढून घ्या.

"आपागेय सें केरेर" म्हणजे चुकून डिलीट केलं. "फोर्मातेय" म्हणजे मीच फॉरमॅट मारला. "पेजी पारा फोर्मातार" म्हणजे कॉम्प्युटर फॉरमॅट करायला सांगतोय. शेवटच्या दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. संगणक नुसता विचारत असेल तर फाइल सिस्टिमचा नकाशा वाचता येत नाही एवढंच झालेलं असतं, आतला डेटा बहुतेक वेळा जागेवर असतो. त्या खिडकीत "सीं" दाबलं तर नवा नकाशा लिहिला जातो. "कांसेलार" दाबायला सांगा.

"त्रावो" म्हणजे हँग झालं. "नाउं हेकोन्येसी" म्हणजे डिटेक्ट होत नाही. "बारुल्यु" म्हणजे आवाज. हा शब्द कानावर पडला की सॉफ्टवेअरचा विषय तिथेच संपतो. "केय्मो" म्हणजे जळलं, आणि मग आधी "प्लाका" म्हणजे डिस्कखालचं सर्किट बोर्ड तपासायचं. ब्राझीलमध्ये यूपीएसला "नोब्रेक" म्हणतात. "नोब्रेक नव्हता" असं सांगितलं तर वीज जाण्या-येण्याचा धक्का बसला असेल असं धरून चाला.

"काइऊ" हा शब्द सगळ्यात फसवा. त्याचा अर्थ "पडला", पण सर्व्हर बंद पडला, नेट गेलं, यालाही तोच शब्द वापरतात. म्हणून लगेच विचारा : "नु शाउं?" म्हणजे जमिनीवर? हो म्हणाला तर डिस्क परत चालू करायची नाही. चालू डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीच्या वर अवघे काही नॅनोमीटर तरंगतं. पडल्याने ते वाकलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला तबकडी खरवडली जाते. इंग्रजीत याला "हेड क्रॅश" म्हणतात. संगणक बंद पडण्याच्या "क्रॅश"शी त्याची गल्लत करू नका.

या भागांची नावं मराठी माणसाला पटकन लक्षात राहतात. हेड म्हणजे "काबेसा", डोकं. तबकडी, इंग्रजी "प्लॅटर", पोर्तुगीजमध्ये "प्रातु", म्हणजे थाळी. आपली परातही याच शब्दावरून आली असं मानतात. बॅकअपच्या टेपला "फिता" म्हणतात, ती आपली फीत. एन्क्रिप्शनच्या, म्हणजे डेटा कुलूपबंद करण्याच्या, कीला "शावी" म्हणतात, ती आपली चावी. पोर्तुगीज इकडे आले तेव्हा ते त्या अक्षरांचा उच्चार "च" असाच करत. आज तो "श" झाला, मराठीने जुना उच्चार जपला.

"मोल्यो" म्हणजे भिजलं. नाशिककरांना हा शब्द समजावायला नको, गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीला लागलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातली दुकानं खाली होऊ लागतात. भिजलेली हार्ड डिस्क उन्हात किंवा तांदळात ठेवायची नाही. पाणी उडून जातं, गाळ आणि क्षार तबकडीवर चिकटून बसतात, मग ते काढणं फार अवघड होतं. ती ओलसरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि एक-दोन दिवसांत क्लीन रूम, म्हणजे धूळमुक्त खोली, असलेल्या लॅबकडे पोहोचवा. क्लीन रूमला पोर्तुगीजमध्ये "साला लिंपा" म्हणतात. पेन ड्राइव्ह किंवा एसएसडीत फिरणारा भाग नसल्याने तिथे हा नियम नाही, पण ती पूर्ण साफ आणि कोरडी होईपर्यंत वीज मात्र द्यायची नाही.

पायरी ३ : इंग्रजी शब्दांच्या जोड्या सोडवा

पोर्तुगीजपेक्षा जास्त नुकसान अर्धवट कळलेल्या इंग्रजीने होतं, कारण ती आपल्याला येते असं वाटतं.

"रिकव्हर", "रिस्टोअर" आणि "रिपेअर" हे तीन शब्द तीन वेगळी कामं सांगतात. रिकव्हर म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरून फाइली वाचून दुसरीकडे काढणं. रिस्टोअर म्हणजे आधी घेतलेली प्रत परत त्या जागी टाकणं, म्हणजे लिहिणं. रिपेअर म्हणजे फाइल सिस्टिममध्येच फेरफार करणं. विंडोजमधलं चेकडिस्क हे रिपेअरचं हत्यार आहे. ते "एफ" पर्यायासह चालवलं की अनाथ तुकडे ते "फाउंड डॉट शून्य शून्य शून्य" नावाच्या फोल्डरात टाकतं, आणि त्यात फाइलींची मूळ नावं आणि फोल्डर जातात. डेटा हाती येण्याआधी ते चालवणं ही नवख्यांची पहिल्या क्रमांकाची चूक. पोर्तुगीजमध्ये हे तीन शब्द अनुक्रमे "हेकुपेरार", "हेस्ताउरार", "हेपारार". कानाला सगळे सारखेच लागतात, म्हणून पडद्यावर अक्षरं वाचून खात्री करा.

"डिलीट" मध्ये फक्त नोंद पुसली जाते, मजकूर तिथेच असतो. "इरेज" आणि "वाइप" मध्ये मजकुरावर दुसरं काही लिहिलं जातं. "क्विक फॉरमॅट" नवी यादी बनवतो, जुना मजकूर बराचसा राहतो. "फुल फॉरमॅट" विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्यं लिहितो, त्यानंतर हाती काही लागत नाही. ब्राझीलच्या पडद्यावर क्विक फॉरमॅटचा चौकोन "फोर्मातासाउं हापिदा" या नावाने दिसतो. त्यात टिक होती का, हा प्रश्न विसरू नका. एसएसडीवर मात्र या फरकाचा फारसा उपयोग नाही. विंडोज ७ पासून "ट्रिम" नावाची आज्ञा डिलीट केलेली आणि क्विक फॉरमॅट केलेली जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवते, आणि एसएसडी ती जागा स्वतःहून रिकामी करते. बहुतेक वेळा काही मिनिटांतच. गिऱ्हाइकाला हे आधीच स्पष्ट सांगावं.

"रॉ" या एकाच शब्दाचे तीन अर्थ आहेत. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशनपुढे "रॉ" दिसलं तर फाइल सिस्टिम ओळखता आली नाही. लग्नाचे फोटो काढणारा "रॉ फाइली गेल्या" म्हणतो तेव्हा तो कॅमेऱ्याच्या मूळ फाइलींबद्दल बोलतोय. आणि "रॉ रिकव्हरी" म्हणजे फाइल सिस्टिम बाजूला ठेवून प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या ओळखखुणांवरून शोध. तिन्ही एकाच मेमरी कार्डाच्या बाबतीत एकाच संभाषणात येऊ शकतात.

"इनिशलाइझ डिस्क" हा शब्द निरुपद्रवी वाटतो. तो नवा पार्टिशन टेबल, म्हणजे पार्टिशनांची यादी, लिहितो. विंडोजने विचारलं तरी "कॅन्सल".

पायरी ४ : आधी प्रत, मग शोध

"इमेज" म्हणजे अख्ख्या डिस्कची, मोकळ्या जागेसह, एका फाइलीत उतरवलेली प्रत, पोर्तुगीज "इमाजें". "क्लोन" म्हणजे तीच प्रत दुसऱ्या डिस्कवर. "बॅकअप" म्हणजे फक्त निवडलेल्या फाइलींची प्रत. पोर्तुगीज "कॉपिया जि सेगुरांसा", पण ब्राझीलमध्ये "बॅकअप"ही चालतो. रिकव्हरीला इमेज किंवा क्लोन लागतो, बॅकअप नाही.

इथले दोन शब्द रक्तात भिनले पाहिजेत : "सोर्स" म्हणजे "ओरिजें", बिघडलेली डिस्क, "डेस्टिनेशन" म्हणजे "देस्तिनु", रिकामी डिस्क. हे दोन उलटे झाले तर रिकाम्या डिस्कची शून्यं गिऱ्हाइकाच्या डिस्कवर जातात आणि कुठलीही लॅब ते परत आणू शकत नाही. दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर कागदावर लिहा, बिघडलेल्या डिस्कवर लाल पट्टी चिकटवा आणि पडद्यावरचा नंबर कागदाशी जुळवूनच "आवांसार" म्हणजे नेक्स्ट दाबा. शक्य असेल तर मूळ डिस्क राइट ब्लॉकरमधून, म्हणजे डिस्कवर काही लिहू न देणाऱ्या उपकरणातून, जोडा. नुसती वाचनासाठी जोडलेली डिस्क म्हणजे "रीड-ओन्ली", ब्राझीलमध्ये "सोमेंची लेयतुरा", पोर्तुगालमध्ये "सॉ द लेयतुरा".

देस्तिनु मूळ डिस्कपेक्षा मोठी घ्या. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, कारण कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. पोर्तुगीज आकड्यांत पूर्णांकानंतर स्वल्पविराम येतो आणि हजाराला टिंब. त्यांच्या पडद्यावर "१.००० जीबी" दिसलं तर ते एक नव्हे, हजार जीबी. "१,५ टीबी" म्हणजे दीड.

बॅड सेक्टर (वाचता न येणारी खराब जागा), पोर्तुगीज "सेतोर देफेयतुओझु", असलेल्या डिस्कसाठी लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते चांगला भाग आधी उचलतं, अडलेली जागा सोडून पुढे जातं आणि कुठवर आलं ते मॅप फाइलीत लिहून ठेवतं, म्हणून मधेच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होतं. मॅप फाइल विसरलात तर तो फायदा गेला. पहिली फेरी "उणे एन" पर्यायाने, म्हणजे खराब जागा खरवडत न बसता. दुसरी फेरी "उणे डी" आणि "उणे आर ३" ने, म्हणजे खराब जागेवर तीनदा प्रयत्न. स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल देते त्या आकड्यांत, १९७ क्रमांकाचा "करंट पेंडिंग सेक्टर" वाढत असेल तर दुसऱ्या फेरीआधी थांबून विचार करा. एप्रिल-मेमध्ये टेबलावरच्या डिस्कवर पंखा लावा, तापमान ५० अंशांपुढे गेलं की फेरी थांबवा.

पायरी ५ : शोध

शोध नेहमी इमेजवर. इंग्रजी "स्कॅन" ला ब्राझीलमध्ये "वाहेदुरा" म्हणतात. शब्दशः अर्थ "झाडणं", आणि नवखा घाबरतो की हे सगळं साफ करणार. तसं नाही, झाडून शोधणं एवढाच अर्थ, ही क्रिया फक्त वाचते. खरा धोका "लिंपार" या शब्दात आहे. तो म्हणजे "क्लीन", आणि विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनातल्या "क्लीन" आज्ञेसारखाच पार्टिशनची नोंद पुसून टाकतो.

दुसरं फसवं बटण "एस्क्लुइर". इंग्रजी "एक्स्क्लूड" आठवून "स्कॅनमधून वगळा" असा अर्थ लावाल, पण ब्राझीलच्या विंडोजमध्ये तेच डिलीटचं बटण आहे. पोर्तुगालमध्ये त्या जागी "एलिमिनार" येतं. "सुब्स्चितुइर" म्हणजे आधीच्या फाइलीवर नवी टाकणं.

पार्टिशन गेलं असेल तर टेस्टडिस्क, नुसत्या फाइली हव्या असतील तर फोटोरेक. दोन्ही मोफत आहेत. फोटोरेक ओळखखुणांवरून शोधतं, म्हणून नावं मिळत नाहीत. फाइली "एफ" आणि एक लांब आकडा अशा नावाने "रेकुप डिर १", "रेकुप डिर २" अशा फोल्डरांत जमा होतात. काढलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर ठेवा. मूळ डिस्कवर ठेवलेली प्रत्येक फाइल न सापडलेल्या एखाद्या फाइलीची जागा खाते.

गिऱ्हाईक "दोकुमेंतुस" आणि "आरेया जि त्राबाल्यु", म्हणजे डेस्कटॉप, हे फोल्डर मागेल आणि तुम्हाला स्कॅनमध्ये ते दिसणारच नाहीत. विंडोज व्हिस्टापासून डिस्कवरची खरी नावं इंग्रजीच असतात, पोर्तुगीज नाव फक्त दाखवायला असतं. "युझर्स" मध्ये जाऊन शोधा.

फाइलींच्या नावांत विचित्र अक्षरं दिसली तर डेटा खराब झाला असं समजू नका. पोर्तुगीजमधली स्वरचिन्हांची अक्षरं यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या आजच्या पद्धतीत, दोन बाइटची असतात. ती जुन्या पद्धतीने एकेक बाइट वाचली की प्रत्येकाच्या आधी डोक्यावर लाट असलेला मोठा "ए" येतो. देवनागरी अक्षर तीन बाइटचं, त्याच्या आधी तिरकी रेघ असलेला लहान "ए" येतो. दोन्हींवर उपाय एकच : एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा.

पायरी ६ : चावी फोनवर घेताना

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शन, लावलेल्या डिस्कची इमेज काढली तरी रिकव्हरी की, म्हणजे "शावी जि हेकुपेरासाउं", हवीच. ती ४८ आकड्यांची असते, ६ आकड्यांचे ८ गट. फोनवर घेताना ब्राझीलचा माणूस ६ ला "सेइस" म्हणणार नाही, "मेया" म्हणेल. "मेया" म्हणजे अर्धा, इथे अर्धा डझन. सेइस आणि त्रेस म्हणजे ३ यांचा घोळ होऊ नये म्हणून ही पद्धत. बाकीचे आकडे : झेरु, उं, दोइस, त्रेस, क्वात्रु, सिंकु, मग सेची, ओइतु, नोवी.

प्रत्येक गट लिहून झाला की ११ ने भागा. बिटलॉकरचा प्रत्येक गट ११ ने निःशेष भागला जातो. १३५७९५ भागिले ११ बरोबर १२३४५, बाकी शून्य, गट ठीक. एखादा आकडा चुकीचा ऐकला किंवा शेजारचे दोन उलटे लिहिले तर बाकी उरतेच. तेवढाच गट पुन्हा विचारा.

पायरी ७ : अंदाज, मुदत, परत देणं

"एस्टिमेट" म्हणजे "ओर्सामेंतु", मुदत म्हणजे "प्राझु", सुपूर्द करणं म्हणजे "एंत्रेगा". "एवेंतुआल्मेंची" हा शब्द मेलमध्ये आला तर इंग्रजी "इव्हेंच्युअली" समजू नका. तो "अखेरीस मिळेल" म्हणत नाही, "कदाचित मिळेल" म्हणतो. लॅबने असं लिहिलेलं असताना गिऱ्हाइकाला "मिळणार" सांगितलं तर भांडण ठरलेलं. तसंच "आतुआल" म्हणजे "खरी" नव्हे, "सध्याची" : "कॉपिया आतुआल" म्हणजे सध्याची प्रत.

पैसे घेण्याआधी फाइलींची यादी पाठवा आणि त्यातल्या दहा-बारा फाइली गिऱ्हाइकाला उघडून दाखवा. नाव आणि आकार बरोबर असूनही आत नुसती शून्यं असलेली फाइल सापडते. मूळ डिस्क, लाल पट्टी न काढता, काढलेल्या डेटासोबत परत द्या. तुमच्याकडची इमेज किती दिवस ठेवणार ते पावतीवरच लिहा. ते दिवस संपले की ती डिलीट न करता वाइप करा, कारण डिलीट केलेलं परत काढता येतं हे तुम्हाला आता माहीत आहे.